करवंटीतलं सिमेंट

वैशाख आला की मला दोन वास एकदम येतात. एक राब भाजल्याचा. शेतात पालापाचोळा, शेण, झाडांच्या फांद्यांची कवळं पसरून पेटवलेलं असतं, आणि त्याचा धूर खालापूरच्या सगळ्या घरांत शिरून उशा-पांघरुणांत जाऊन बसतो. दुसरा वास भिजलेल्या सिमेंटचा. हा पूर्वी नव्हता. आता जो उठतो तो सिमेंट आणतो. आमच्या शेजारच्यांनी यंदा पडवीवर स्लॅब घातली. परवा सकाळी त्यांनी गोणी फोडली आणि मी इकडे भाकरी थापताना ओळखलं. थंडगार, ओलसर, जरासा नाकाला झोंबणारा तो वास. माझी भाकरी तव्यावर करपली.

"आई, तू बघतेस काय सारखी तिकडे?" लेकीनं विचारलं.

"काही नाही. वाळतंय का बघते."

"ते वाळेल की! सिमेंट आहे ते. शेजारचे काका म्हणाले, उद्या सकाळी दगड होणार त्याचा."

काका म्हणाले! काकांना काय जातंय म्हणायला. दुसऱ्या दिवशी उजाडताच चूळ भरायचं निमित्त करून कुंपणापाशी गेले आणि टाचा उंचावून, हात वर करून स्लॅबच्या कडेला अंगठा दाबून आले. घट्ट होतं. मग कुठे मला चहा गोड लागला. शेजारीण खिडकीतून बघत होती. बघू दे. बाई जरा सटकलीय असं तिला वाटलं असणार, आणि वैशाखापुरतं ते खरंही आहे.

ज्या वैशाखाबद्दल मी बोलतेय तेव्हा ही लेक माझ्या पोटात होती. मी माहेरी दहिवलीला आले होते. खोपोलीहून गाडीनं कर्जत, तिथून बैलगाडी. बाबा न्यायला आलेले. वाटेत ते फक्त खड्डा आला की बैलांना "हळू रे, हळू" म्हणत होते. आदल्या वर्षीही ह्याच वाटेनं ह्याच गाडीतून मी बाळंतपणाला आले होते आणि परत जाताना माझी मांडी रिकामी होती.

ते सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आदल्या वर्षी आषाढात मला मुलगा झाला. माजघराला लागून जी अंधारी खोली आहे, तिच्यात. बाळ चांगलं होतं, रडका आवाज खणखणीत. मग एके दिवशी वादळ झालं. कौलं उडाली, पत्त्यांसारखी नाही हो, चांगली धडाधडा, आणि बाजेवर पाणी आलं. ही बाज इकडे ओढ, तिकडे ओढ, जिथे ओढू तिथे धार. आईनं बाळाला स्वतःच्या पदरात, पोटाशी घेतलं. तरी ते भिजलंच. छातीत कफ भरला. पुढचं मी आजही बोलत नाही.

माझा दादा, वसंता, तेव्हा घाटावरच्या धरणाच्या कामावर होता. पुण्याला ओव्हरसियरचं शिकून तिकडे लागला होता. तो आला, त्या खोलीत उभा राहिला आणि वर बघत राहिला. आढ्याला नवी कौलं बसवून झाली होती. तो मला म्हणाला, "इंदू, पुन्हा तुझ्या डोक्यावर पाणी पडणार नाही." मला तेव्हा कुणाचं काहीच ऐकू येत नव्हतं.

आणि आता मी पुन्हा आले तर घराच्या मागच्या अंगाला चार दगडी भिंती उभ्या, वर आभाळ. दादानं नोकरीतून रजा घेऊन खोली बांधायला काढली होती. वर कौलं नाहीत, वासे नाहीत. वर सिमेंट-काँक्रीटची स्लॅब. दहिवलीत तोवर कुणी असलं छत पाहिलं नव्हतं.

खोलीचं काम निघाल्यापासून आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. "डोक्यावर दगड घेऊन कुणी बाळंतपण करतं का रे? कौल पडलं तर खोक पडेल. हे पडलं तर?"

"पडत नाही आई ते. आत सळ्या असतात. धरणावर आम्ही..."

"धरणाखाली कुणी बाळंतीण निजत नाही!"

माझी आई वादात अशी होती. समोरच्याला मुद्दा सापडेपर्यंत ती उठून चुलीपाशी गेलेली असायची.

भिंती बांधल्या होत्या सखामामानं. सखाराम गवंडी, आमच्या घरच्यासारखा माणूस. आमच्या विहिरीचं कडं त्याचं, देवळाचा कट्टा त्याचा, आमचा ओटा त्याचा. दादा लहान असताना मामाच्या चुन्यात खेळायचा आणि हात भाजून घेऊन बोंबलत यायचा, मग मामा त्याला खोबरेल लावून गप्प करायचा. मामाला स्वतःचं मूल नव्हतं. दादावर त्याचा जीव होता, आणि गंमत अशी की दादाशी भांडल्याशिवाय त्याला जेवण जात नसे.

मामा चुन्याचा माणूस. अंगणातल्या कोपऱ्यात त्याची घाणी असायची. जमिनीत गोल चर, त्यात दगडी चाक, चाकाला बैल. भिजवलेला चुना आणि वाळू त्या चरात पडायची आणि बैल गोल गोल फिरत राहायचा, कर्रर्र, कर्रर्र. दुपारी त्या आवाजावर मला झोप लागायची. चुना असा मळला जायचा की हातात घेतला तर लोण्यासारखा. शिवाय मामाची त्यात काय काय भर असे. हिरड्याचं पाणी, मेथीचं पाणी, कुठे बेलफळाचा चीक. ज्यानं त्यानं आपल्या गुरूकडून घेतलेलं. कुणाला विचारलं तर सांगत नसत. दादाला ह्या सगळ्याचं वेड होतं. तो मामाला खोदून खोदून विचारायचा, हे का घालता, त्यानं काय होतं, न घातलं तर काय होईल?

"न घातलं तर काय व्हईल ते मी कशाला बघू?" मामा म्हणायचा. "माजा बाप घालीत व्हता. भिंत हुबी हाय ना?"

सिमेंटचं मामाला कौतुक वाटत नव्हतं. पहिली गोणी आली तेव्हा त्यानं मूठभर पूड तळहातावर घेतली, फुंकली, जिभेला लावली आणि थुंकला. "राख हाय ही. चुलीतली." पण दादा म्हणाला, "मामा, हे तुमच्या हातानंच व्हायला पाहिजे," आणि मामा विरघळला. दादासाठी त्यानं ती राखही मान्य केली.

मग एकदा फळ्या ठोकून त्यांना खालून लाकडी टेकू दिले गेले, वर सळ्या बांधून झाल्या. साधी खोली, पण खालून बघितलं तर टेकूंचं रानच. आणि ओतायचा दिवस उजाडला. ऊन असं की अंगणातली माती पायाला चटके देत होती. मामानं नारळ फोडला. पाट्या उचलायला गावातल्या बाया, डोंगराकडच्या वाडीवरच्या बाया, रांग धरून उभ्या. खाली खडी, वाळू, सिमेंट कालवायचं, पिपातलं पाणी घालायचं, घमेली भरायची, हातोहात वर. वर मामा आणि दादा. एकदा सुरू झालं की थांबायचं नाही, असं दादानं बजावलेलं. म्हणून सुरू करायच्या आधीच, बाबांनी ओरडून बोलावलं तेव्हा, तो दोन घास खायला खाली उतरला होता. मी ओट्यावर बसून सगळ्यांना पाणी देत होते आणि बाया माझ्या पोटाकडे बघून हसत होत्या. "बाय, तुज्या घराला टोपी घालतोय गं!" एकजण म्हणाली. मी हसले. त्या वर्षात बहुधा पहिल्यांदा.

संध्याकाळी सगळं थोपटून सारखं झालं. दादानं वर ओली गोणपाटं पसरली. तो इतका दमला होता की हात न धुता ओट्यावर आडवा झाला. "उद्या बघ," मला म्हणाला. "उद्या त्यावर नाचलीस तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा शिडी चढून वर गेला आणि बराच वेळ खाली आला नाही. मी हाक मारली. मग तो उतरला, पिपाशी गेला, हात धुतले, पुन्हा वर गेला. तेव्हा मला कळलं की काहीतरी बिघडलंय. माझा दादा काळजीत असला की तेच तेच काम पुन्हा करतो.

स्लॅब घट्ट झाली नव्हती. जशी संध्याकाळी होती तशीच. बोट दाबलं की बोट आत.

"होईल," दादा म्हणाला. "ऊन चढलं की होईल."

ऊन चढलं, उतरलं. झालं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. आमची एक कोंबडी, भारी आगाऊ, शिडीवरून टुणटुण उड्या मारत वर गेली आणि ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत पाय उमटवून आली. बाबांनी ते पाहिलं आणि आत निघून गेले. एरवी त्यांनी त्या कोंबडीला शिव्या घातल्या असत्या.

गावात बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो! जो तो येऊन शिडी चढायचा, अंगठा दाबायचा आणि "अजून मऊच की!" म्हणून उतरायचा. जसं काही आम्हाला माहीत नव्हतं. एकानं तर सल्ला दिला, वर शेण सारवा. मी त्याला म्हटलं, "तुमच्या डोक्यावर सारवा आधी." आईनं मला दटावलं, पण तिलाही बरं वाटलं असावं, कारण त्या दिवशी तिनं मला लाडू दिला.

हसून सांगतेय, पण तेव्हा माझं जेवण ताटातच राहायचं. आई रात्रंदिवस एकच म्हणत होती, पाडा ते, पोरीला पुन्हा कौलाखाली निजवू पण ह्या चिखलाखाली नको. कौलाखाली! तिथे निजायचं म्हटलं की मला त्या बाजेवरची धार दिसायची. आणि स्लॅबखाली निजायचं म्हटलं तर ती मऊ स्लॅब दिसायची. मला कुठेच जागा उरली नव्हती. आणि पोटातलं लेकरू आपलं लाथा मारतंय खुशाल.

दादानं मग जे केलं ते मी अजून विसरले नाही. त्यानं आईकडून करवंट्या मागून घेतल्या. घरात होत्या नव्हत्या तेवढ्या, शेजारच्यांच्याही. ओट्यावर ओळीनं मांडल्या आणि प्रत्येकीत वेगवेगळं कालवून भरलं. एकीत नदीचं पाणी आणि सिमेंट. एकीत विहिरीचं पाणी. एकीत नदीची वाळू न धुता, एकीत धुऊन. एकीत वरची गोणी, एकीत तळातली, जरा ओल लागलेली. प्रत्येक करवंटीखाली खुणेला एक एक वस्तू ठेवली, चिंचोका, खडा, पान, मोडकी किल्ली, आणि कुठल्या खुणेत काय आहे ते तो तोंडानं घोकत बसायचा.

"हे काय मांडलंयस?" बाबा म्हणाले. "पोरगी दिवसांत आहे आणि तू भातुकली खेळतोस?"

"बाबा, काय बिघडलं ते कळल्याशिवाय पाडून काय उपयोग? पुन्हा घातलं तरी पुन्हा तेच होईल."

त्याचं सगळं खापर पाण्यावर होतं. आमच्या नदीला वीजघराकडून सुटलेलं पाणी येतं, म्हणून ती वैशाखातही भरलेली. गावात कुजबूज होतीच की वीज काढून घेतलेल्या पाण्यात जोर उरत नाही, त्यात डाळ शिजत नाही. दादा त्यावर हसायचा. पण तेव्हा हसला नाही. त्याची अवस्था अशी की कुणी म्हणालं असतं स्लॅबला दृष्ट लागली, तर त्यानं दृष्टीचीही करवंटी मांडली असती.

सकाळी उठून आम्ही दोघं ओट्यावर गेलो. दादानं पहिल्या करवंटीवर नख मारलं. टक्. घट्ट. दुसरी. घट्ट. न धुतलेल्या वाळूची जरा भुसभुशीत, पण घट्ट. ओल लागलेल्या गोणीचीही घट्ट. नदीच्या पाण्याची तर दगडासारखी. तो टोकापर्यंत गेला आणि तिथेच मटकन बसला. सगळं बरोबर होतं. पाणी चांगलं, वाळू चांगली, सिमेंट चांगलं, आणि वर स्लॅब मऊ.

मला म्हणाला, "इंदू, मला काहीच कळत नाही गं." मी त्याला कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. शाळेतही नाही.

इतक्यात मामा आला. तो रोज यायचा. वर चढायचा नाही, नुसता भिंतीला पाठ लावून बसायचा. आज त्यानं करवंट्यांची ओळ पाहिली, वाकून एकेक निरखली, बोटानं टिचकी मारली. दादानं त्याला खुणांचा अर्थ सांगितला, कशात काय आहे ते. मामा मान डोलवत होता. शेवटी म्हणाला, अगदी सरळ मनानं, काही राहिलंय का ते आठवून द्यावं तसा,

"समदं घातलंस रं वसंता. पर गूळ कशात हाय?"

दादानं वर पाहिलं. "गूळ?"

"मग! त्या दिशी पिपात घातला तसा. नारळायेवडा. तू जेवाया उतरलावता ना, तवा." मामा माझ्याकडे वळला. "इंदे, तुज्या पोराच्या डोक्यावरचं छत, त्याला गुळाबिगर कसं सोडू? माजा बाप देवळाच्या चुन्यात घालीत व्हता. मी तुला सांगत नव्हतो. घरातलं हाय ते आमच्या."

कोपऱ्यात बैल उभा होता, त्याच्या गळ्यातली घंटी तेवढी वाजत होती.

मग दादा उठला आणि जे बोलला ते मला सांगवत नाही. चांगला शिकलेला माणूस चांगल्या शिव्या देतो असं नाही. मामाला म्हणाला, तुम्ही माझ्या बहिणीचा घात केलात. मी "दादा!" म्हणून ओरडले. मामाला कळलंच नव्हतं आधी. तो दादाच्या तोंडाकडे बघत होता, मग वर स्लॅबकडे, मग माझ्या पोटाकडे, आणि मग कळलं. त्याच्या हातातली पिशवी खाली पडली. ओळंबा, थापी, सगळं अंगणात पसरलं. त्यानं ते उचललं नाही.

दादानं गुळाची करवंटी मांडली, अर्थातच. त्याच मापानं. खुणेला काही ठेवलं नाही, ती विसरायची शक्यताच नव्हती. दुसऱ्या दिवशी ती मऊ होती. तिसऱ्या दिवशीही. आता निदान कारण कळलं होतं, पण कारण कळल्यानं स्लॅब घट्ट होत नव्हती. आभाळ भरायला लागलं होतं. दुपारी माथेरानच्या अंगाला काळोखी यायची, वारा सुटायचा, पाचोळा गिरक्या घ्यायचा, आणि सगळे वर बघायचे. तसल्या कच्च्या स्लॅबवर एक जोरदार सर आली असती तरी काम संपलं होतं.

मामा घरी गेलाच नाही. खोलीच्या दाराबाहेर बसून राहिला. जेवायला दिलं तर ताट तसंच. सकाळ-दुपार-संध्याकाळ नदीवरून पाणी आणून वरची गोणपाटं भिजवायचा. त्याची बायको बोलवायला आली. "चला वो घरी," म्हणाली, "मानसं काय बोलत्यात ते कानावर घिऊ नका." तो म्हणाला, "मानसं नाय गं बोलत. मीच बोलतोय." डोळे तांबारलेले. झोप नव्हतीच. आई त्याच्यावर चिडलेली होती, पण ती देखील येता-जाता त्याच्यापुढे गुपचूप पेज ठेवायची, आणि परत आली की तो वाडगा भरलेलाच बघून डोळे पुसायची.

दादा त्याच्याशी बोलत नव्हता. रोज सकाळी गुळाची करवंटी बघायचा आणि निघून जायचा.

एक दिवस तो निघून गेला नाही. नख मारलं आणि थांबला. मग मोठा खिळा घेऊन ओरखडा काढला. मग मला हाक मारली, नेहमीपेक्षा हळू. "हात लाव." मी लावला. घट्ट. थंड आणि घट्ट. दादानं हातोडी घेतली आणि करवंटी फोडून आतला गोळा ओट्यावर ठेवून दणका दिला. फुटला, पण सहज नाही. शेजारचा, शुद्ध पाण्याचा, तोही तेवढ्याच दणक्याला फुटला. दादानं दोन्ही तुकडे हातांत घेऊन उन्हात धरले, उलटसुलट केले. "उशीर झाला फक्त," म्हणाला. "गुळानं त्याला अडवून धरलं. पण घट्ट होतंय." आणि धावत शिडीवर.

स्लॅबही कडेनं धरायला लागली होती.

बाबांना ते पटलं नाही. त्यांनी संध्याकाळी सगळ्यांना बसवलं. "करवंटीवरून घराची परीक्षा मी करणार नाही. वरून घट्ट दिसतंय. आत काय आहे कोण सांगणार? पाडा." दादा म्हणाला, टेकू काढायचे नाहीत, जितकं थांबता येईल तितकं थांबू, पाणी घालू. आई रडायला लागली. आणि मग बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "इंदू, तुझं लेकरू आहे. तू सांग. तू म्हणशील ते."

मला वाटलं होतं, कुणीतरी माझ्यासाठी ठरवेल. आपल्याला सवयच असते तशी. दारातून मला मामा दिसत होता, पाठमोरा, खांदे पडलेला. मी काही शहाणपणानं बोलले नाही. मला सिमेंटमधलं काय कळतंय! मी "थांबूया" म्हटलं, कारण "पाडा" म्हणायला माझी जीभ उचलली नाही. एवढंच.

आज विचार केला तर वाटतं, आपण घरात राहतो म्हणजे काय करतो? दुसऱ्यानं कालवलेल्या कसल्यातरी चिखलाखाली डोळे मिटतो. त्या चिखलात त्यानं काय घातलं आपल्याला माहीत नसतं. प्रेम घातलं असेल, तेही चुकीच्या मापानं घातलेलं असू शकतं. आणि त्याला तपासायला आपल्याकडे काय असतं? एक अंगठा. शेजारच्यांच्या पडवीवर मी तो दाबून आले हे शेजारणीकडून कळलं तेव्हा माझी लेक हसली. तिला हसू दे. ती ज्या छताखाली जन्मली त्याची गोष्ट तिला अजून नीट सांगितलेली नाही, सांगायला बसले की माझा आवाज बदलतो.

टेकू काढायचा दिवस ठरला तेव्हा आभाळ खाली आलेलं होतं. आता थांबणं शक्य नव्हतं. टेकू खालच्या ओलीनं फुगायला लागले होते. अंगणात सगळे जमले. दादानं धोतर खोचलं, हातोडी घेतली आणि आत जायला निघाला. दारात मामा उभा.

"वसंता, हो बाजूला."

"मामा, सरका. स्लॅब माझी आहे."

"कमानीखालचा टेकू काढतो तो गवंडी काढतो, आणि काढताना खाली तोच हुबा ऱ्हातो. दुसरा कोनी नाय. आमच्यात रीतच हाय ती. कमान माजी, तर मान माजी." आणि मग आवाज खाली आणून, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच दादाकडे नीट बघत, "गूळ मी घातलाय रं. तू नाय."

दादानं हातोडी मामाच्या हातात दिली. पण स्वतः दारातून हलला नाही. बाबांनी दंडाला धरून ओढलं तेव्हा एक पाऊल मागे सरला, एकच.

मामा आत गेला. आतून पहिला ठोका ऐकू आला. लाकूड कुरकुरलं आणि एक टेकू जमिनीवर पडला. आईनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी फुटली. दुसरा ठोका. तिसरा. दादा चौकटीत वाकून, स्लॅब खाली झुकते का ते कळायला तिच्या खालच्या कडेला ताणलेली सुतळी बघत होता. मधले टेकू निघाले. फळ्या सुटायला लागल्या. मग शेवटचा टेकू. तो अडकून बसला होता. मामानं ठोकला, पुन्हा ठोकला. आतून त्याचं धापा टाकणं ऐकू येत होतं. मग एक मोठा ठोका, आणि काहीतरी धाडकन पडलं, खोलीतून धूळ बाहेर आली आणि सगळं शांत झालं.

"मामा!" दादा ओरडला.

उत्तर नाही.

मी कुणाची वाट पाहिली नाही. इतक्या जड पोटानं मी धावले कशी, माहीत नाही. दादाच्या आधी मी आत होते. धूळ खाली बसत होती. फळी पडली होती, फळीच, नुसती फळी. आणि तिच्यापलीकडे, भिंतीच्या कडेला, मामा उताणा पडलेला. हातोडी छातीवर. मी गुडघ्यांवर बसले, त्याच्या तोंडाशी कान नेला.

तो घोरत होता.

इतक्या दिवसांची झोप. बसायला म्हणून टेकला असेल, आणि बसता बसता आडवा झाला असेल. तोंड उघडं, दाढीत लाकडाचा भुसा, आणि चांगला मोठ्यानं घोरत होता.

"उठवू नकोस," दादा माझ्या मागून म्हणाला. त्यानं स्वतःचा सदरा काढला, घडी करून मामाच्या डोक्याखाली सरकवला आणि तोंड वळवून बाहेर गेला. त्याच्या पाठीवरून मला कळलं की तो रडतोय.

बाहेर आई मला हाका मारत होती, बाहेर ये गं, बाहेर ये आधी. मी गेले नाही. मी मामाशेजारी भिंतीला टेकून बसले, पाय पसरले, पोटावर हात ठेवला, आणि वर बघितलं नाही.